जुन्या जळगावातली एक गल्ली, नऊ जलरंग चित्रं : सावली, धाबं आणि उन्हात वाळणारा रंग (टोपणनावांनी झालेली चर्चा)

धाबं_आणि_दार
डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत जुन्या जळगावातल्या एकाच गल्लीवर केलेली नऊ चित्रं देतोय. गल्ली पूर्व-पश्चिम, रुंदी साधारण १२ फूट. दोन्ही बाजूंना धाब्याची (मातीच्या सपाट छपराची) घरं, धाब्याची उंचीही तेवढीच. कागद ३०० ग्रॅमचा, पूर्ण सुती, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत), माप ११ × १५ इंच.

१. धाब्यांची रांग, डिसेंबर, दुपार
२. नळाला पाणी आलेलं
३. खाटांवर पापड-कुरडया
४. भरताची वांगी भाजताना धूर
५. रथ चौकाकडचं तोंड
६. निंबाखालचा ओटा
७. पहिल्या चित्राचीच जागा, मे, सकाळ
८. पत्र्याची पडवी
९. रात्र, खांबावरचा दिवा

अडचणी तीन. पहिली म्हणजे सावलीतल्या चुन्याच्या भिंती मेलेल्या दिसतात, विशेषतः १ आणि ५ मध्ये. दुसरी, ३ आणि ७ मध्ये आकाशाच्या हाताला (पातळ रंगाच्या थराला) मध्येच कडा पडल्या. तिसरी, ६ मधली माणसं जमिनीवर उभी वाटत नाहीत. कुठे काय चुकलं ते स्पष्ट सांगा.

पेन्सिल_२बी
१ आणि ७ एकाच जागेची म्हणता, पण पहिल्यात उत्तरमुखी भिंत पूर्ण सावलीत आहे आणि सातव्यात त्याच भिंतीवर ऊन. दोन्हींतलं एक चित्र घरी बसून केलेलं दिसतंय.

तापीकाठ
नाही भाऊ, दोन्ही बरोबर आहेत, आणि हा मुद्दा खानदेशात गल्ली रंगवणाऱ्या प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून घ्यावा असा आहे.

जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य डोक्यावर आला तरी क्षितिजापासून ४५-४६ अंशच वर असतो, तोही दक्षिणेला. म्हणजे १२ फुटी धाब्याची सावली जवळपास १२ फूट पडते. गल्लीही १२ फुटांची, त्यामुळे दुपारी सावली बरोबर समोरच्या भिंतीच्या पायथ्याला टेकते. सगळी जमीन सावलीत, समोरची दक्षिणमुखी भिंत उन्हात. उत्तरमुखी भिंतीला त्या महिन्यात दिवसभर उन्हाचा कवडसासुद्धा मिळत नाही.

मार्चच्या विषुवदिनाला सूर्य ६९ अंशांवर येतो, सावली उंचीच्या ३८ टक्के, म्हणजे साडेचार फूट. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट माथ्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच गोळा होते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेलाच असतो. या दिवसांत सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेकडून उगवतो, त्यामुळे उत्तरमुखी भिंतीवर सकाळभर तिरकं ऊन सरकत राहतं. सातव्यात नेमकं तेच आलंय.

आणखी एक. घड्याळातले बारा म्हणजे आपल्याकडची खरी दुपार नव्हे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, जळगाव पंच्याहत्तरच्या थोडं पुढे. सूर्य माथ्यावर यायला साडेबाराच्या आसपास होतात, फेब्रुवारीत त्याहून दहा-बारा मिनिटं जास्त. धुळ्याला आणखी तीन मिनिटं उशीर. चित्राच्या मागे वेळ लिहिताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच सावलीसाठी जाल आणि अर्धा तास चुकाल.

पेन्सिल_२बी
मान्य. शब्द मागे घेतो. सातवं चित्र आता पुन्हा बघितलं, भिंतीवरच्या खुंटीची लांब आडवी सावली तिरक्या उन्हाचीच आहे.

चुनखडी
आता मेलेल्या सावल्यांकडे येऊ. या नऊ चित्रांतला खरा प्रश्न तोच आहे.

पहिल्या चित्रात सावलीतली भिंत अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि काळ्याच्या मिश्रणाने केलेली दिसते. निळी सावली हिरवळीच्या किंवा ओल्या मुलखातल्या चित्रांत शोभते. आपल्या गल्लीत जमीन पिवळट फुफाट्याची. ऊन जमिनीवर पडतं, तिथून उसळून सावलीतल्या भिंतीच्या खालच्या भागावर जातं. म्हणून भिंत खाली गेरवी आणि उजळ, वर जाताना निळसर, कारण वरच्या भागाला उघडं आकाश दिसतं. दोहोंच्या मध्ये एक राखाडी पट्टा असतो, तो थोडा गडद. ही उतरंड नसेल तर भिंत म्हणजे चिकटवलेला कागद वाटतो.

मात्र डिसेंबरच्या दुपारी, तापीकाठ यांनी सांगितलं तसं, जमीनच सावलीत असते. तेव्हा उजेड समोरच्या उन्हातल्या चुन्याच्या भिंतीवरून येतो. तो पांढरा, खालून नव्हे तर समोरून येणारा. त्या चित्रात भिंत खालून वर जवळपास एकसारखीच उजळ हवी, गेरवी छटा फक्त नावाला. म्हणजे १ आणि ५ ला एकच औषध चालणार नाही. पाचव्यात जमिनीवर ऊन आहे, तिथे गेरवी उतरंड लागेल.

सडा टाकलेला असेल तर आणखी फरक. ओली माती कोरडीपेक्षा बरीच गडद, ती उजेड कमी फेकते. सडा पडला की दोन-चार मिनिटांत समोरच्या ओट्याची खालची झळाळी विझते. दुसऱ्या चित्रात नळाचं पाणी सांडून अर्धी जमीन ओली आहे, पण भिंतीवर दोन्हीकडे सारखीच झळाळी दाखवली आहे. ओल्या बाजूची भिंत अर्ध्या छटेने गडद करा, जमीन आपोआप ओली दिसेल.

मिश्रण असं : वाटाण्याएवढा यलो ऑकर (मातकट पिवळा), त्याच्या निम्मा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भरपूर पाणी. हा हात भिंतीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तो ओला असतानाच वरून अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएनाचं टोक बुडवून केलेला राखाडी हात खाली आणायचा आणि दोन्ही मध्ये भेटू द्यायचे. ब्रशने घोटायचं नाही. ऑकर आणि निळा घोटले की हिरवट चिखल होतो. ट्यूबमधला काळा सावलीत अजिबात नको.

गेरू_पांझरा
चुनखडी यांच्या मुद्द्याला छटांचे आकडे जोडतो. १ म्हणजे कोरा कागद, १० म्हणजे काळा धरला तर उन्हातली चुन्याची भिंत १, उन्हातली जमीन ३, सावलीतली चुन्याची भिंत ४, उघड्या दारातला अंधार ९. तुमच्या पाचव्या चित्रात सावलीतली भिंत ६ वर गेली आहे. पांढरी भिंत सावलीत असली तरी पांढरीच वाटली पाहिजे.

ती ६ वर का जाते त्याचं कारण कागदावर पडलेलं ऊन. कागद उन्हात धरला की त्यावरचा रंग फिका भासतो, हात आपोआप गडद लावतो, आणि घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. कागद कायम सावलीत ठेवा. छत्री लावायची तर पांढरी किंवा काळी. रंगीत छत्रीखाली कागदावर तिचाच रंग उतरतो, लाल छत्रीखाली केलेल्या चित्रात निळ्याचं प्रमाण हमखास बिघडतं.

फोटोवरून काम करत असाल तर आणखी सावध. हल्लीचे मोबाइल सावली आपणहून उजळ करतात. स्क्रीनवर उन्हातल्या भिंतीवर बोट दाबून ठेवायचं, एक्सपोजर कुलूपबंद करायचं आणि मगच फोटो घ्यायचा. दुसरा फोटो दाराच्या अंधारावर बोट ठेवून. दोन्ही शेजारी ठेवून रंगवा.

चुनखडी
एक राहिलं. खानदेशातल्या जुन्या घरांचा चुना नुसता पांढरा नसतो, त्यात नीळ घातलेली असते. पुडीतली जुनी नीळ म्हणजे बहुतेक कृत्रिम अल्ट्रामरीनच. हा रंग चुन्याच्या अल्कलीत टिकतो, आम्लात मरतो, म्हणून भिंतीवर वर्षानुवर्षं राहतो. नळीवर पीबी २९ (या रंगद्रव्याचा क्रमांक) लिहिलेलं असेल तर तुमच्या पॅलेटमध्ये तोच रंग आहे. उन्हातल्या निळसर भिंतीला तो अगदी पातळ, चहाच्या पाण्याहून पातळ, आणि दुसरं काही नाही. बाटलीतली पातळ नीळ रंगद्रव्याची नसते, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची (डाय) असते, चित्रात वापरू नका, उडून जाते.

केळीचं_पान
आकाशाच्या कडांबद्दल कोणी बोललंच नाही. मे महिन्यात हा सगळ्यांचाच प्रश्न.

गेरू_पांझरा
ताई, सांगतो. पारा ४३-४४ वर आणि हवा कोरडी असली की पातळ हात एका मिनिटाच्या आत वाळतो. कागदाच्या उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावीकडे कड बसलेली असते. मग घाईने परत ओला ब्रश फिरवला की कोबीच्या फुलासारखा डाग उठतो. सातव्यात उजवीकडे वर तो आहे, म्हणजे अर्धवट वाळलेल्या हातावर पुन्हा पाणी गेलं.

उपाय कागदाच्या मागे आहे. कागद दोन्ही बाजूंनी स्पंजने ओला करा, दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा एकदा ओला करा आणि अ‍ॅक्रिलिकच्या गुळगुळीत पत्र्यावर पसरा. मागचं पाणी अ‍ॅक्रिलिकमधून जाऊ शकत नाही, ते हळूहळू वर येत राहतं. सकाळी सात वाजता सावलीत अशा कागदावर वीस-पंचवीस मिनिटं काम करता येतं. प्लायवर हा प्रकार जमत नाही, प्लाय पाणी पितं. सुती कागदच हवा, लाकडाच्या लगद्याचा कागद दोनदा ओला केला की त्याचा लव उठतो.

ग्लिसरीन घालायचं तर १०० मिली पाण्यात दोन-तीन थेंब, त्याहून जास्त नाही. जास्त झालं की रंग कधी पूर्ण वाळतच नाही, पावसाळ्यात चिकट होतो आणि काचेला चिकटतो. पाण्याचे डबे दोन ठेवा, आणि अर्ध्या लिटरच्या खाली नको. लहान डब्यातलं पाणी दहा मिनिटांत गढूळ होतं आणि पिवळा मरतो.

मास्किंग टेपचंही एक आहे. उन्हात तिचा डिंक वितळतो आणि काढताना कागदाची साल निघते. तिसऱ्या चित्राच्या खालच्या कडेला तेच झालेलं दिसतं. मास्किंग फ्लुइडचं (पांढरं राखायला लावायच्या रबरी द्रवाचं) त्याहून वाईट, उन्हात ते कागदात भाजून बसतं. त्यापेक्षा कडेला चार क्लिपा लावा आणि पांढरं राखायचं तिथे ब्रश नेऊच नका.

पऱ्हाटी
चौथ्या चित्रातल्या धुराबद्दल. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजताना निघणारा धूर एका रंगाचा नसतो. काळ्या दारासमोरून जाताना तो निळसर दिसतो, तोच वर जाऊन उजळ आकाशासमोर आला की पिवळट तपकिरी. कारण धुराचे बारीक कण निळा उजेड जास्त विखुरतात. मागे अंधार असेल तर विखुरलेला निळा डोळ्यात येतो, मागे उजेड असेल तर निळा वजा होऊन आलेला पिवळट. तुम्ही पूर्ण धूर पांढऱ्या गौशने (अपारदर्शक जलरंगाने) मारलाय, म्हणून तो कापसासारखा वाटतो.

दाराचा गडद हात पूर्ण वाळू द्या. मग स्वच्छ ओल्या चपट्या ब्रशने धुराच्या वाटेने रंग सैल करून टिपकागदाने उचला. उचललेली जागा आपोआप थंड आणि मऊ दिसते. धाब्याच्या वर मात्र ऑकर आणि किंचित बर्न्ट सिएनाचा पातळ हात ओल्या आकाशात सोडा. मध्ये जिथे धूर धाब्याची कड ओलांडतो तिथे कड हरवू द्या.

वांग्यांचा रंगही बघा. भाजली की जांभळी राहत नाहीत, काळपट तपकिरी आणि सुरकुतलेली होतात. हिरव्या वांग्याचं भरीत असेल तर देठाजवळ थोडं हिरवं उरतं, तेवढं ठेवा.

केळीचं_पान
कुरडयांबद्दल माझ्याकडून. ओली कुरडई दुधाळ पांढरी, वाळत जाताना पिवळट आणि अर्धपारदर्शक होते. तिसऱ्यात सगळ्या एकाच पांढऱ्या आहेत. खाटेवर आधी घातलेल्या आणि मागून घातलेल्या असा क्रम असतो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ऑकरचा अगदी पातळ हात चढवत नेला तर घालणाऱ्या बाईचा हात कुठून कुठे गेला तेही कळतं. खाली पसरलेल्या जुन्या साडीचा रंग वाळलेल्या कुरडईतून दिसायला हवा, ओल्यातून नाही. आणि बिबडे (ज्वारीच्या पिठाचे) पापडापेक्षा पातळ, कडा वर वळलेल्या. त्यांना साडीवर सावली असते, पापडाला जवळपास नसते.

तापीकाठ
सहाव्या चित्रातली माणसं तरंगतात याचं कारण डोळ्याची उंची. निंबाखाली तुम्ही बहुतेक घडीच्या स्टुलावर बसलात. त्यावर डोळा जमिनीपासून साडेतीन फुटांवर येतो. क्षितिजरेषा तिथेच. सपाट गल्लीत उभ्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेच्या थोडं वर ही रेषा कापली पाहिजे, माणूस दहा फुटांवर असो की शंभर. तुम्ही लांबच्या माणसांची डोकी रेषेवर ठेवली, म्हणून ती खड्ड्यात उभी वाटतात आणि जवळची हवेत.

सोपा तोडगा म्हणजे ओट्यावर बसणं. अडीच फुटी ओटा आणि मांडी घालून बसलेल्याचा डोळा त्याच्यावर अडीच फूट, एकूण पाच. म्हणजे बसल्या बसल्या उभ्या माणसाची नजर मिळते आणि सगळ्यांची डोकी जवळपास एका ओळीत येतात. फक्त घरधन्याला विचारून बसा, "आप्पा, घडीभर ओट्यावर बसू का" एवढं पुरतं. दाराच्या उंबऱ्यासमोर आणि पाण्याच्या टाकीच्या वाटेत बसू नका. नळाचा दिवस असेल तर पाणी जाईपर्यंत थांबा, हंडे-ड्रम घेऊन धावणाऱ्या बायांच्या पायात स्टूल आलेलं कोणालाच आवडत नाही. "काय करी राहिनात भाऊ?" असं विचारणारा येतोच, त्याला चित्र दाखवावं. आणि नळावरच्या बायांचे चेहरे ओळखू येतील इतके काढायचे असतील तर आधी विचारावं. दुसऱ्या चित्रात पाठमोऱ्या आकृत्या घेतल्यात ते मला पटलं, हंड्याच्या वजनाने एका बाजूला झुकलेली कंबर पुरेशी बोलकी आहे.

चुनखडी
धाब्याविषयी थोडं. धाब्याची वरची रेषा पट्टीने मारलेली दिसते. लाकडी तुळया, त्यांवर काड्या आणि वर पांढऱ्या खारवट मातीचा जाड थर, दर पावसाळ्याआधी नवी माती. वजनाने तुळई मध्ये झोल खाते. बारा फुटांच्या रेषेत दोन-तीन इंचांचा झोल हवा. कडेला मातीचा जाडपणा दाखवा, निदान सहा-आठ इंच, नाहीतर सिमेंटचा स्लॅब वाटतो. पन्हळीखाली भिंतीवर ओघळाचा डाग असतो, तो वर गडद आणि खाली विरत जाणारा. भिंतीबाहेर आलेल्या तुळयांच्या टोकांच्या सावल्या मात्र तुम्ही फार सुरेख टिपल्यात, डिसेंबर आणि मे दोन्हींत त्यांची दिशा वेगळी आहे.

पेन्सिल_२बी
गेरू आणि पिवळी माती घरी घोटून रंग करता येतील का? अजिंठ्याच्या भिंतीवर तर अशाच मातीचे रंग.

चुनखडी
येतील, पण माती निवडून. अजिंठ्यात निळ्यासाठीचा लाजवर्द (निळा दगड) बाहेरून आलेला, बाकीचे बहुतेक रंग मातीचे आणि दगडाचेच, आणि ते चिकट द्रव्यात कालवून कोरड्या गिलाव्यावर लावलेले.

गेरू बाजारातला असेल तर आधी लिंबाचा रस टाका. फसफसला तर खडू मिसळलाय, सोडून द्या. चांगला असेल तर पाण्यात ढवळून अर्धा मिनिट थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता, तळाची रेती टाका. असं तीनदा. मग एक रात्र निवळू द्या, वरचं पाणी काढा, खालचा गाळ सावलीत वाळवा. बाभळीच्या जातीचा स्वच्छ डिंक एक भाग, कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून पातळ फडक्यातून गाळा. त्यात डिंकाच्या पाचव्या भागाइतका मध आणि लवंग तेलाचे दोन थेंब, नाहीतर चार दिवसांत बुरशी. काचेवर गाळ आणि हे द्रव साधारण सारख्या मापाने घेऊन अर्धा तास घोटायचं. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी, चकाकून तडकला तर डिंक जास्त.

काळी माती मात्र घेऊ नका. कपाशीची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, शेतात भेगा पडतात तशाच कागदावरही पडतात. शिवाय पातळ केली की ती काळी राहत नाही, मळकट तपकिरी होते.

गेरू_पांझरा
सावली समजून घ्यायला पुठ्ठ्याची गल्ली करून बघा. एक इंचाला एक फूट, दोन बारा इंची भिंती, मध्ये बारा इंच. मेच्या अखेरीस भर दुपारी ती पाटावर मांडून धाब्यावर ठेवा. सूर्य माथ्यावर असतो, त्यामुळे पाट नुसता तिरपा करून वर्षातला कुठलाही महिना मिळतो. दक्षिणेकडची कड ४५ अंश उचलली की डिसेंबर, २१ अंश उचलली की मार्च. चुना आणि जमिनीचा खरा रंग लावलात तर उसळता उजेडही दिसतो. चाळीसगावला जाणं झालं तर छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन जरूर बघा. १९८९ मध्ये निधन होईपर्यंत कित्येक दशकं ते तिथल्या घरातच राहिले, आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड साधून त्यांनी उघड्यावरची वाटणारी छायाचित्रं घेतली.

पऱ्हाटी
आठ आणि नऊ बद्दल कोणी काही म्हटलं नाही, कारण ती जमली आहेत. नवव्यात फक्त दिव्याभोवतीचं वलय काढून टाका. हल्लीच्या पांढऱ्या एलईडी दिव्याला कोरड्या हवेत वलय नसतं, खाली कापलेला शंकू असतो.

धाबं_आणि_दार
मनापासून आभार. १ आणि ५ वेगळ्या उपायांनी पुन्हा करतो, पहिलं डिसेंबरच्या सावलीसाठी थांबेल, पाचवं याच आठवड्यात. चौथ्यावरचा गौश उचलला जात नाही, खाली कागद डागाळलाय, तेही नव्याने. एक प्रश्न उरतो : तयार चित्रं पावसाळ्यात ठेवायची कशी? मागच्या वर्षी दोन चित्रांवर तपकिरी ठिपके आले.

तापीकाठ
ते बुरशीचे. मे महिन्यातच फ्रेम करून घ्या, कागद वर्षात सगळ्यात कोरडा तेव्हाच असतो. काच आणि चित्रामध्ये माउंटची (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची) जाडी निदान दोन-तीन मिमी हवी, माउंट आम्लरहित. चित्र वरच्या कडेला दोनच ठिकाणी, गव्हाच्या खळीने लावलेल्या पातळ कागदी पट्टीने टांगा. फेविकॉल आणि सेलोटेप नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे पाच मिमीचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, पावसाचा मारा आपल्याकडे तिकडूनच येतो. धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीला तर टेकवूच नका, वाळवी फ्रेमच्या मागून चढते आणि समोरून काही कळत नाही.